गाणं माझं, दावा त्यांचा: एका ‘लेबल डील’ची हकिकत

यूट्यूबच्या मेलमध्ये लिहिलं होतं की माझ्या व्हिडिओतल्या गाण्यावर दुसऱ्या कुणाचा तरी कॉपीराइट आहे. शब्द मी लिहिलेले, चाल मी लावलेली, आवाज माझा, व्हिडिओ आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवातला. आणि ज्यांनी हा दावा ठोकला होता त्यांना मीच काही महिन्यांपूर्वी २१,२४० रुपये मोजले होते. अठरा हजार त्यांची फी आणि वर अठरा टक्के जीएसटी.

ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही, पण ‘तुमचं गाणं प्रकाशित करून देतो’ म्हणत पैसे घेणाऱ्यांच्या या धंद्यात पैसे हा वरवरचा भाग आहे. खरा घाव कागदात असतो आणि तो फार उशिरा कळतो. गावात राहून स्वतःची गाणी करणाऱ्या मुलामुलींना अशा लोकांचे फोन येतात म्हणून हे सगळं लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. तसंही ही मंडळी पाट्या बदलत असतात, त्यामुळे नावापेक्षा पद्धत ओळखता येणं जास्त कामाचं.

मी सांगलीत राहते. घरी गाण्याच्या शिकवण्या घेते, लग्नसराईत संगीताचे आणि हळदीचे कार्यक्रम करते, श्रावणात मंगळागौर, मग गणपती, मग दिवाळी पहाट. पोट भरतं, पण यात स्वतःचं गाणं म्हणायला जागा नसते. संयोजक आधीच सांगतो, “ताई, लोकांना माहीत असलेलीच घ्या हं.” मग मध्यंतराच्या तोंडावर, चहाची गडबड सुरू झाली की, आपलं एखादं घुसवायचं. आमच्या भागात गाण्याला मान नाही असं नाही. शेजारच्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथल्या दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाण्याच्या बैठका होतात. पण हा मान रागदारीचा आणि नाट्यसंगीताचा. गिटार घेऊन स्वतः लिहिलेलं म्हणणारी पस्तिशीतली बाई म्हणजे ‘कॉलेजातला नाद अजून सुटला नाही वाटतं’. त्यामुळे आमच्यासारख्यांचं स्टेज म्हणजे फोन. इन्स्टाग्राम, यूट्यूब, स्पॉटिफाय. तिथे कुणी ‘माहीत असलेलंच म्हणा’ म्हणत नाही, आणि तिथे कुणी ऐकतही नाही.

ज्यावर दावा आला ते गाणं २०१९ च्या पुरावर आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. इथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतल्या, घरांतून माणसांनी काय उचललं आणि काय मागे ठेवलं, त्याचं ते गाणं. संगीत संयोजन, बासरी, मिक्सिंग आणि मास्टरिंग धरून पस्तीस हजारांच्या आसपास गेले, सगळे शिकवण्यांमधून साठवलेले. अर्ध्या मिनिटाची एक रील टाकली, ती आमच्या मानाने बरीच फिरली. लगेच मेसेज आला, मग फोन.

फोनवरच्या माणसाने पहिल्याच वाक्यात दुसऱ्या कडव्यातली ओळ म्हणून दाखवली, माळ्यावर ठेवलेल्या पितळी डब्याची. “ताई, इथे मी थांबलो,” म्हणाला. त्याच्या तयारीला मी आजही दाद देते. कार्यक्रमाला बोलावणारे संयोजकसुद्धा कधी शब्दांबद्दल बोलत नाहीत. आपण लिहिलेलं कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं याची भूक किती असते हे या लोकांना पक्कं माहीत आहे, आणि सगळा सापळा त्या एका गोष्टीवर उभा असतो.

मग प्रस्ताव. ‘आमच्या लेबलखाली’, म्हणजे त्यांच्या संगीत कंपनीच्या नावाने, गाणं प्रकाशित होईल, मोठ्या प्लेलिस्टमध्ये जाईल, पन्नास हजार स्ट्रीम्सची, म्हणजे तेवढ्या वेळा ऑनलाइन ऐकलं जाण्याची, लेखी हमी, उत्पन्नाचे सत्तर टक्के मला आणि तीस त्यांना. फक्त जाहिरातीच्या खर्चाचा माझा वाटा आधी भरायचा. त्याने स्पॉटिफायचा एक नियमही सांगितला, आणि तो अगदी खरा आहे: २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत एका गाण्याचे हजार स्ट्रीम्स झाले नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. “एकट्याने केलंत तर हजारसुद्धा होणार नाहीत, ताई.” भीती खरी, आकडा खरा, औषध तेवढं खोटं.

जे सांगितलं नाही ते असं. स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायला एक पैसाही लागत नाही. कलाकारांसाठीच्या त्यांच्या ॲपमधून, गाणं प्रकाशित होण्याच्या निदान सात दिवस आधी, आपणच ते सुचवायचं असतं. ते घेतील किंवा घेणार नाहीत. पैसे घेऊन तिथली जागा मिळवून देण्याची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे खुद्द स्पॉटिफायनेच सांगून ठेवलंय. म्हणजे ज्याने स्ट्रीम्सचा आकडा लिहून दिला, त्याने ते स्ट्रीम्स कुठून आणणार हेही तिथेच सांगून टाकलं.

बिल आलं ते अंधेरीच्या पत्त्याचं. पैसे मात्र एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले. “कंपनी अकाउंटचं केवायसी चालू आहे.” बिलावर जीएसटी क्रमांक होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७. या बिलावर सुरुवात ०७ ने होती, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही हा क्रमांक फुकट तपासता येतो. तो टाकला तेव्हा संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या एका व्यापाऱ्याचं नाव निघालं. ही माहिती मला पुढे वकिलांच्या कारकुनाने दोन मिनिटांत काढून दिली. तुम्ही पैसे भरण्याआधी काढा.

करार अकरा पानांचा, इंग्रजीत, ओटीपी टाकून सही करायचा. लिंक त्या रात्रीपुरतीच चालू, कारण ‘शुक्रवारचा रिलीज स्लॉट’ जाईल. ‘असाइनमेंट’ म्हणजे काय असं मी विचारलं होतं. त्याचा अर्थ हक्क दुसऱ्याच्या नावावर करून देणं. उत्तर मिळालं, “ते प्लॅटफॉर्मला लागतं म्हणून घालतो, गाणं तुमचंच.” हे उत्तर फोनवर मिळालं. नंतर सगळं चाळताना लक्षात आलं की पैशाचं प्रत्येक बोलणं व्हॉट्सॲपवर आहे आणि हक्काचं प्रत्येक बोलणं कॉलवर. एक ओळसुद्धा लेखी नाही.

कागदावर काय होतं? ध्वनिमुद्रण, शब्द आणि चाल या तिन्हींचे सगळे हक्क, जगभरासाठी, कायमचे त्यांच्या नावावर. माझ्या पुढच्या तीन वर्षांतल्या गाण्यांवर पहिला हक्क त्यांचा. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. वाद झाला तर न्यायालय दिल्लीचं. आणि सत्तर टक्के? ते ‘खर्च वजा जाता’, खर्च ते सांगतील तो. गाणं वापरायला देणं हे घर भाड्याने दिल्यासारखं. इथे मी खरेदीखत करून दिलं होतं, आणि तेही खरेदीदाराला वर पैसे देऊन.

गाणं शुक्रवारी आलं. पहिल्या आठवड्यात आकडा बघून घरात पेढे वाटले. मग ॲपमध्ये श्रोत्यांची गावं उघडली. हेलसिंकी. फ्रँकफर्ट. सांगली, मिरज, कोल्हापूर यादीत जवळजवळ नाहीतच. हजारोंनी ऐकलेलं गाणं जपून ठेवलं होतं मोजक्या लोकांनी, त्यातले निम्मे माझे विद्यार्थी. हेलसिंकीत कुणाला गावभागातला पूर एवढा आठवतोय, असं माझा भाऊ म्हणाला. ते श्रोते नव्हतेच. पैसे घेऊन गाणी वाजवत ठेवणारी यंत्रं होती. अशा बनावट स्ट्रीम्सवर स्पॉटिफाय कारवाई करतं. ते आकडे धरत नाही, गाणं पोहोचवणाऱ्या वितरकाला दंड लावतं, आणि मग वितरक गाणंच काढून टाकतो. माझं गाणं महिन्याभरात गेलं. माझ्या कलाकार-पानावर आता ते नाही. काळ्या यादीची भीती आहे ती वेगळीच.

मी फोन केला तर म्हणे तांत्रिक अडचण आहे. मग फोन उचलणं बंद. तोवर गणपती आले, मी मंडळाच्या कार्यक्रमात तेच गाणं गायले, व्हिडिओ टाकला, आणि सुरुवातीला सांगितलेला तो मेल आला. कुठल्या व्हिडिओत कुणाचं गाणं आहे हे आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत त्यांनी माझं ध्वनिमुद्रण स्वतःचं म्हणून चढवलं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीने शाळेच्या स्नेहसंमेलनात ट्रॅकवर ते गाणं म्हटलं होतं, त्या व्हिडिओवरही दावा. तिच्या वडिलांनी मला विचारलं, “मॅडम, हे गाणं तुमचंच होतं ना?”

त्यानंतर कंपनीचा मेल आला, अगदी नम्र भाषेत. हक्क परत हवे असतील तर ‘रिलीज फी’ पंचवीस हजार. माझ्या मते हाच यांचा खरा धंदा. अठरा हजार म्हणजे नुसतं प्रवेशाचं तिकीट; स्ट्रीम्स, प्लेलिस्ट वगैरे देखावा. एकदा गाणं ताब्यात आलं की त्याची खंडणी वर्षानुवर्षं मागता येते, कारण गाणाऱ्याचा जीव त्यात अडकलेला असतो.

पंचवीस हजार दिले नाहीत. सांगलीच्या कोर्टात बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७ उघडून कलम १८ आणि १९ वाचायला लावलं, आणि पहिल्यांदा जरा श्वास आला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो करारानेही सोडून देता येत नाही. या दुरुस्तीच्या बाजूने जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते. हक्क लिहून देताना मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर ते मूळ मालकाकडे परत जातात. मात्र करारात वेगळं लिहिलेलं असेल तर हे संरक्षण उरत नाही, आणि माझ्या अकरा पानांत नेमकं वेगळं लिहिलेलं होतं. “ज्याने हे टाईप केलं त्याने कलम १९ वाचलंय,” वकीलबाई म्हणाल्या. पण कलम ५७ कुणाला काढून घेता येत नाही: हक्क विकले तरी हे गाणं मी केलंय असं म्हणण्याचा अधिकार माझाच राहतो. सगळ्या लढाईत तेवढं एक वाक्य माझ्या पूर्ण बाजूचं होतं.

पोलिसांकडे पहिलं उत्तर अपेक्षित होतं तेच. “ताई, करारावर सही तुमची आहे. दिवाणी मॅटर आहे हे.” चित्र पालटलं ते त्या ०७ मुळे. दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक वापरून, न भरलेला कर वसूल करणं हा व्यवहारातला वाद नाही. मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीची, तक्रार घेतली गेली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद केली, पण पैसे जाऊन महिने उलटले होते. तो फोन पहिल्या काही तासांत केला तरच रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा असते. वकिलांची नोटीस अंधेरीहून परत आली: असा कुणी इथे राहत नाही.

यूट्यूबच्या दाव्यावर मी हरकत नोंदवली. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. त्याने दावा कायम ठेवला तर पुढे अपील करता येतं, आणि तिथे तो व्हिडिओ काढायला लावून चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा ठपका, आणू शकतो. तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच बंद. त्यामुळे बरेच जण इथेच कच खातात आणि त्यांचा धंदा चालतो. माझ्या बाबतीत तीस दिवसांत कुणी उत्तरच दिलं नाही आणि दावा गळून पडला. विद्यार्थिनीच्या व्हिडिओचंही तसंच झालं. गाण्याच्या शब्दांची आणि चालीची नोंदणी आता कॉपीराइट कार्यालयात टाकली आहे, प्रत्येकी पाचशे रुपये शुल्क. नोंदणी नसली तरी हक्क असतोच, पण पोलिसांसमोर आणि कोर्टात दाखवायला हातात कागद लागतो. १९६९ पासून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेच्या सभासदत्वाचा अर्जही भरलाय. करार रद्द करण्याचा दावा बाकी आहे आणि तो लांबणार हे दिसतंच आहे.

सगळी लेबलं चोर असतात असं मी म्हणत नाही. पण खऱ्या लेबलला तुमच्या गाण्यातून कमवायचं असतं, म्हणून ते पैसे घालतं, मागत नाही. जिथे आधी तुम्ही पैसे भरायचे आणि हक्कही तुम्हीच द्यायचे, तिथे उठून यावं. करार मराठीत समजावून सांगा म्हणावं, लेखी सांगा म्हणावं, आणि एक रात्र मागावी. रात्र द्यायला जो तयार नाही त्याला गाणंही देऊ नये.

गेल्या महिन्यात जतचा एक मुलगा माझ्याकडे आला. ओव्या आणि रॅप मिसळून गातो, फार चांगलं लिहितो. त्याला एका ‘नव्या’ लेबलचा करार आला होता. कंपनीचं नाव वेगळं, पत्ता ठाण्याचा, पानं अकराच. त्याने सही केली नव्हती, आधी दाखवायला आणला होता. सातव्या पानावर, चौथ्या कलमात, त्याच्या गाण्याच्या जागी माझ्या गाण्याचं नाव तसंच राहिलं होतं. खोडायला विसरले. ती पीडीएफ आम्ही दोघांनी जाऊन तपास अधिकाऱ्यांकडे जमा केली आणि तिची पोच घेतली.