आईकडची, वडिलांकडची की दोन्हीकडची? पूर्वजांची डीएनए चाचणी निवडताना

तिन्ही चाचण्यांना नमुना थुंकीचा किंवा गालाच्या आतला, त्यामुळे फरक पैसे भरल्यावरच कळतो.

मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतल्या मायटोकाँड्रिया या भागातला छोटा वेगळा डीएनए, आईकडून येतो. मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे नेते ती मुलगीच. लांबी जेमतेम 16,569 अक्षरं, जनुकं 37. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जातं. बाईत ते नसतं, म्हणून तिला ही चाचणी हवी तर वडिलांचा किंवा सख्ख्या भावाचा नमुना द्यावा लागतो. तिसरी ऑटोसोमल, दोन्हीकडची सरमिसळ तपासणारी.

आपल्या वंशावळी पुरुषांच्या नावांनी चालतात. पणजीच्या आईचं माहेर कुठलं, असं विचारलं की घरात सगळे गप्प. तिथे मायटोकाँड्रियल चाचणी उपयोगी वाटते खरी, पण उत्तर मिळतं ते गटाचं, म्हणजे फार जुन्या एकाच आईपासून आलेल्या लोकांच्या शाखेचं, गावाचं नाही. भारतात ‘एम’ गट इतका पसरलेला आहे की नुसतं ‘एम’ कळून काही हाती लागत नाही. करायचीच तर पूर्ण क्रमवारीची, म्हणजे सगळी अक्षरं वाचणारी करा, थोडाच भाग वाचणारं स्वस्त पॅकेज नको. आणि दहा पिढ्या मागे वंशवृक्षात 1,024 जागा असतात. ही चाचणी त्यातल्या एकाच बाईबद्दल बोलते.

एकच रेषा धरली की काय होतं ते कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात दिसतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांचा ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आणि भारतीय वारसा जास्त करून स्त्रियांकडून आल्याचं आढळलं. अशा घरात फक्त आईकडची रेषा तपासली तर पश्चिम आशियाशी संबंधच नाही असं वाटू शकतं, फक्त वडिलांकडची तपासली तर नेमकं उलटं.

म्हणून माझं मत: पहिल्यांदा ऑटोसोमल. हयात नातेवाईक सापडण्याची शक्यता तिच्यातच जास्त. अहवालातली ‘अमुक प्रदेशाचे इतके टक्के’ ही टक्केवारी मात्र मनावर घेऊ नका, ती कंपनीकडे कुणाचे नमुने आहेत त्यावर ठरते. पाच-सहा पिढ्यांपलीकडचं चित्रही धूसर होत जातं, कारण दर पिढीला निम्मा डीएनए गळतो. त्यामुळे आजी असेल तर नमुना तिचाच घ्या, आणि लवकर घ्या.

मायटोकाँड्रियलची घाई नाही. आई, मामा, मावशी, तुम्ही, सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच, म्हणून घरटी एकदाच पैसे घाला. वडिलांच्या आईची रेषा हवी असेल तर नमुना वडिलांचा किंवा आत्याचा. तुमच्यात ती नाहीच.