मनातले बोलणे आणि पुटपुटणे

स्वतःशी बोलण्याचे दोन मार्ग माणसापुढे असतात: ओठ मिटून मनातल्या मनात बोलणे आणि स्वतःला ऐकू येईल असे पुटपुटणे. पहिला प्रौढपणाचा आणि दुसरा विक्षिप्तपणाचा, असे सरसकट मानले जाते; ते मला पटत नाही.

लहान मूल खेळताना स्वतःशी मोठ्याने जे बोलते, तेच पुढे आत वळून प्रौढाचे मनातले बोलणे बनते, अशी मांडणी रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. आत वळताना ते आखडते: कोणाविषयी बोलणे चालले आहे हे आपल्याला ठाऊकच असल्यामुळे कर्ता गळतो आणि ‘उशीर’ एवढ्या एका शब्दात अख्खे वाक्य मावते. हा वेग त्याचे बळ आहे, तशीच उणीवही. अर्धवट विचार पुरा झाल्याचा भास होतो आणि तीच काळजी पुन्हा पुन्हा फिरून येते.

उच्चारलेले वाक्य मात्र क्रियापदापर्यंत न्यावे लागते (मराठीत तर ते बहुधा शेवटीच येते), म्हणून विचारातली फट कानाला जाणवते. गॅरी लुपियन आणि डॅनियल स्विंगली या मानसशास्त्रज्ञांच्या २०१२ मधील प्रयोगांत वस्तूचे नाव उच्चारल्याने ती लवकर सापडत असे, पण नाव आणि रूप यांचे नाते घट्ट असेल तरच. एरवी उच्चाराचा अडथळाही होई. त्यामुळे ओळखीच्या वस्तूची शोधाशोध किंवा टप्प्याटप्प्याचे काम असेल, तर मी पुटपुटणेच निवडेन. वाचताना किंवा चारचौघांत राग आवरताना मात्र मनातलेच बोलणे सोयीचे.