जुन्या अ‍ॅम्पचे पॉवर सप्लाय कॅपॅसिटर बदलायचेत, पण घ्यायचे कुठले?

जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडला, ट्रान्सफॉर्मरशेजारी ते दोन मोठे डबे दिसले, आणि बदली शोधायला बसलं की लगेच लक्षात येतं की तेच माप, तेच व्होल्टेज, तेच टॅग (वायर सोल्डर करायच्या पट्ट्या) असलेला कॅपॅसिटर आता कोणी बनवतच नाही. मग आहेत तेच ठेवायचे, जुना न वापरलेला स्टॉक शोधायचा, साधे इंडस्ट्रियल स्नॅप-इन (दोन आखूड पाय बोर्डाच्या भोकात दाबून बसणारे) घ्यायचे, ऑडिओ ग्रेडचे घ्यायचे, स्क्रू टर्मिनलवाले घ्यायचे, नाहीतर छोटे छोटे जोडून बँक करायची, एवढे रस्ते उरतात. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक सगळ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पसाठी चांगल्या कंपनीचे, अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून घेतलेले, १०५ डिग्रीचे (म्हणजे १०५ डिग्री सेल्सिअसपर्यंत चालणारे) साधे स्नॅप-इन घ्या, आणि जो पैसा आणि वेळ वाचेल तो ते नीट बसवण्यावर घाला. बाकीचे पर्याय कधी बरे पडतात ते खाली येतंच.

पण सगळ्यात आधी बदलायची गरज आहे का ते बघा, कारण हा पर्याय लोक विचारातच घेत नाहीत. वय झालं म्हणून कॅपॅसिटर मेलाच असं नसतं, त्यात हे मोठे डबे बऱ्यापैकी टिकतात, बोर्डावरचे याच जातीचे छोटे इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कॅपॅसिटर त्यांच्या कितीतरी आधी सुकतात. डोकं फुगलंय, बुडातून ओल आलीय, व्हॉल्यूम शून्यावर असताना स्पीकरमधून गुणगुण येतेय (५० हर्ट्झच्या लाइनवर १०० ची, ६० च्या लाइनवर १२० ची), अशी लक्षणं असतील तर बदला, प्रश्नच नाही. नाहीतर एक पाय सोडवून कपॅसिटन्स (क्षमता) आणि ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मोजा. १०,००० मायक्रोफॅरड छापलेला ९,५०० दाखवतोय आणि ईएसआर काही शतांश ओहममधे आहे तर घाई नाही, ७,००० वर आला असेल तर त्याचे दिवस भरलेत. आणि एक गोष्ट जवळून बघा, बुडाशी तपकिरी चिकट थर दिसला की लोक 'लीक झाला' म्हणून मोकळे होतात, पण खूपदा तो कारखान्यात डबा हलू नये म्हणून लावलेला गोंद असतो. तो आधी फिकट असतो, वर्षानुवर्षं गरम होऊन काळपट-तपकिरी आणि ठिसूळ होतो. कॅपॅसिटर चांगला निघाला तरी हा गोंद मात्र खरवडून काढाच, कारण जुना झाला की तो थोडा थोडा करंट वाहायला लागतो आणि शेजारच्या जंपर वायरी, डायोडचे पाय खातो.

आता बदलायचं ठरलं असं धरू.

जुना न वापरलेला स्टॉक मिळाला की मन खूश होतं, हुबेहूब तोच डबा, तेच स्लीव्ह. पण इलेक्ट्रोलिटिकचं वय कपाटात पडूनसुद्धा होतं. आतला ऑक्साइडचा थर व्होल्टेजशिवाय हळूहळू कमकुवत होतो, लीकेज (आतून झिरपणारा करंट) वाढतं, आणि थेट लाइन दिली तर तो तापून फुटू पण शकतो. रेझिस्टर लावून हळूहळू व्होल्टेज चढवत त्याला परत 'फॉर्म' करता येतं हे खरं, पण रबराचं सील जेवढं म्हातारं झालंय ते काही परत तरुण होत नाही. त्यामुळे चालवण्यासाठी म्हणून मी हा पर्याय बादच करतो. दुसऱ्या अ‍ॅम्पमधून काढलेले तर त्याहून वाईट, तिथे किती तास किती तापलेत ते कोणाला माहिती. आतून बघताना सगळं मूळचं दिसलं पाहिजे असा आग्रह असेल तर जुना डबा कापून, आतला माल काढून त्यात नवीन छोटा कॅपॅसिटर बसवतात, ते काम वेळखाऊ आहे पण निदान आत नवा माल असतो.

साधे इंडस्ट्रियल स्नॅप-इन म्हणजे निचिकॉन, रुबीकॉन, निप्पॉन केमिकॉन, पॅनासोनिक, केमेट, कॉर्नेल डुबिलिअर यांच्या रोजच्या मालिका. इन्व्हर्टर, वेल्डिंग मशीन, मोठे पॉवर सप्लाय यात हेच लागतात म्हणून भरपूर बनतात आणि डेटाशीट पूर्ण मिळते. इथे ८५ डिग्री आणि १०५ डिग्री हा पहिला प्रश्न येतो. नियम ढोबळ आहे पण कामाचा आहे, तापमान दर १० डिग्री उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. म्हणजे दोघांवर २,००० तास लिहिलंय आणि अ‍ॅम्पच्या आत ४५ डिग्री आहे असं धरलं तर ८५ वाल्याचा हिशोब ३२,००० तासांवर जातो आणि १०५ वाल्याचा १,२८,००० वर. प्रत्यक्षात एवढं सरळ गणित चालत नाही, सील वगैरे आधी जातात, पण कल येतो. हीटसिंकला चिकटून कॅपॅसिटर बसत असेल किंवा अ‍ॅम्प क्लास ए (सतत मोठा करंट ओढून तापणारा) असेल तर १०५ च घ्या. मोकळ्या हवेत असेल आणि ८५ वाला मापाला चपखल बसत असेल तर तोही बिनधास्त चालतो, त्यात कमीपणा काही नाही.

ऑडिओ ग्रेड म्हणजे निचिकॉनची केजी 'गोल्ड ट्यून', मुंडोर्फची एम-लिटिक असल्या मालिका. यावर वाद घालणारे भरपूर आहेत. मला जे वाटतं ते असं, की हे कॅपॅसिटर वाईट अजिबात नाहीत, चांगलेच बनवलेले असतात, पण पॉवर सप्लायच्या पहिल्या फिल्टरच्या जागी त्यांचा फायदा दाखवायला फारशी जागाच उरत नाही. बघा, १०,००० मायक्रोफॅरडच्या साध्या स्नॅप-इनचा ईएसआर साधारण २०-३० मिलीओहम असतो, तो ऑडिओ ग्रेडमधे अर्धा झाला असं धरा, पण ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचाच रेझिस्टन्स काही दशांश ओहम असतो, त्याच्यापुढे हा फरक कुठल्या कुठे जातो. सिग्नलच्या वाटेत जे कपलिंग कॅपॅसिटर आहेत तिथे ऑडिओ ग्रेडवर खर्च करणं मला जास्त पटतं. तरी मापात तोच बसत असेल, आणि किंमत झेपत असेल तर घ्या, फक्त रिपल करंट (डीसीवर उरलेल्या चढउतारामुळे, म्हणजे रिपलमुळे, कॅपॅसिटरमधून ये-जा करणारा करंट) आणि तापमान रेटिंग साध्यापेक्षा कमी नाही ना ते बघून घ्या, कारण सोनेरी अक्षरांच्या मोहात ते बघायचं राहून जातं.

स्क्रू टर्मिनलवाले दणकट असतात, रिपल करंट भरपूर सोसतात, तापमान आणि आयुष्याचे आकडे चांगले असतात, आणि मूळचाच अ‍ॅम्प स्क्रू टर्मिनलचा असेल (मोठे पॉवर अ‍ॅम्प असायचे तसे) तर दुसरं काही शोधूच नका. पण मूळ स्नॅप-इन किंवा टॅगवाला असेल तर हे उंची-जाडीला बसत नाहीत, आणि बसवायला म्हणून लांब वायरी ओढल्या की ग्राउंडची मूळ मांडणी बिघडते.

छोट्यांची बँक, म्हणजे एका मोठ्याच्या जागी २,२०० किंवा ३,३०० चे चार-पाच पॅरलल, हे कागदावर छान दिसतं. एकूण ईएसआर उतरतो, रिपल करंट वाटला जातो, उंची कमी लागते. पण त्यासाठी वेगळा पीसीबी लागतो, जोडांची संख्या वाढते. चपट्या कॅबिनेटमधे जिथे उंच डबा मावतच नाही तिथे हा मार्ग चांगला, उगीच हौस म्हणून नको.

आता मापं, कारण निर्णय खरा इथेच अडकतो. आजचा कॅपॅसिटर जुन्यापेक्षा बराच लहान असतो. ५० मिमी जाडीच्या डब्याच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा ३५ मिमीचा येतो, मग तो मूळ क्लॅम्पमधे डुलतो. स्नॅप-इनच्या दोन पायांमधलं अंतर बहुधा १० मिमी असतं, जुन्या बोर्डावर मात्र भोकं भलत्याच अंतरावर. व्हर्नियर घ्या आणि तीन गोष्टी मोजून लिहून ठेवा, व्यास, झाकण लावल्यावर मिळणारी उंची, आणि पायांमधलं अंतर, मगच डेटाशीट उघडा. ढिला बसत असेल तर रबराची किंवा फायबरची रिंग घालून क्लॅम्प आवळता येतो, पाय जुळत नसतील तर छोटा अ‍ॅडॉप्टर पीसीबी लावतात. पाय वाकवून, ताणून भोकात घालू नका, सील तिथेच ढिलं पडतं. आणि नुसत्या सोल्डरच्या जोरावर जड डबा उभा ठेवू नका, आपटला किंवा हलला की ट्रॅक उखडतो.

व्होल्टेज मूळएवढं किंवा जास्त, कमी कधीच नाही. ७१ व्होल्ट लिहिलेले जपानी कॅपॅसिटर आता शोधत बसू नका, ८० चा घ्या. अ‍ॅम्प चालू असेल तर लोडशिवाय रेल (या कॅपॅसिटरवरचं डीसी व्होल्टेज) मोजा, कारण २२० साठी वाइंड केलेला ट्रान्सफॉर्मर २४० वर चालला की रेल ९ टक्के वर जाते, ५० ची साडेचोपन्न होते. ६३ चा कॅपॅसिटर आहे आणि रेल ५८-६० दिसतेय तर मी ८० वर जाईन. जास्त व्होल्टेजचा घेतला म्हणून आवाज बिघडत नाही, फक्त आकार वाढतो, आणि आकार वाढणं इथे उलट सोयीचंच पडतं.

क्षमता वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. रिपलचं गणित सोपं आहे, करंट भागिले (रिपलची फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स). २ अँपिअर, १०० हर्ट्झ, १०,००० मायक्रोफॅरड म्हणजे साधारण २ व्होल्टचा रिपल, २०,००० केलं तर १ व्होल्ट. पण बदल्यात चालू करताना जो धक्का बसतो तो वाढतो, रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या) डायोडमधून कमी वेळात जास्त मोठा करंट जातो, ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात, फ्यूज उडायला लागतो. मूळच्या दीडपटीपर्यंत मला ठीक वाटतं, त्यापुढे सॉफ्ट स्टार्ट (चालू करतानाचा धक्का कमी करणारं सर्किट) आणि मोठा ब्रिज रेक्टिफायर लावायची तयारी असेल तरच. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमधे तर हे अजिबात करू नका, तिथे रेक्टिफायर व्हॉल्व्हलाच मर्यादा असते, जीझेड३४ च्या पुढे पहिला कॅपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नसावा, त्याहून लहान रेक्टिफायरना अजून कमी.

रिपल करंट हा आकडा मात्र वाढवून घ्या, मोकळ्या हाताने. कॅपॅसिटरमधून जाणारा रिपल करंट डीसी करंटच्या दीडपट-दुप्पट सहज असतो. दोन कॅपॅसिटरची तुलना करताना आकडा कुठल्या फ्रिक्वेन्सीला आणि कुठल्या तापमानाला दिलाय ते बघा. १०० किलोहर्ट्झचा आकडा मोठा दिसतो, तो स्विचिंग सप्लायसाठी असतो, आपल्याला १००-१२० हर्ट्झचा हवाय. एकाच क्षमतेत, एकाच व्होल्टेजमधे दोन-तीन आकारमानाचे डबे मिळतात, त्यात मोठा डबा घेतला तर बहुतेकदा रिपल करंट जास्त मिळतो आणि थंडही राहतो, म्हणून जागा आहे तर ती भरून घ्या.

खरेदी कुठून हा मुद्दा ब्रँडपेक्षा मोठा आहे. माऊसर, डिजी-की, फार्नेल, आरएस यांच्यासारख्या ठिकाणी कंपनीकडून थेट आलेला माल मिळतो, डेट कोड ताजा असतो. ऑनलाइन बाजारात कोण्या अनोळखी विक्रेत्याकडे नामांकित मोठा कॅपॅसिटर निम्म्या किमतीत दिसला तर लांब राहा. नकली मालात मोठ्या डब्याच्या आत छोटासाच कॅपॅसिटर बसवलेला सापडतो. हातात घेतला की वजनच कमी लागतं, स्लीव्हची छपाई किंचित फाटलेली, पट्टी तिरकी, डोक्यावरच्या रेषा उथळ. त्याच कंपनीच्या खऱ्याच्या डेटाशीटमधली मापं व्हर्नियरने ताडून बघा, मग कपॅसिटन्स आणि ईएसआर मोजा. दोन्ही चॅनलला एकाच लॉटचे घ्या.

काम करताना जुन्याला आधी रिकामं करा. ६० व्होल्टला १०,००० मायक्रोफॅरडमधे १८ ज्यूल साठलेले असतात, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला तर ठिणगी उडते आणि टर्मिनल वितळतं. १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर मिनिटभर धरा, मग मीटरवर खात्री करा, दोन्ही डब्यांची वेगवेगळी. आणि बसवताना निगेटिव्ह रेलचा कॅपॅसिटर बघून लावा, तिथे प्लस ग्राउंडला जातो आणि पट्टीवाला पाय रेलला, बरेच जण दोन्ही डबे एकाच दिशेला लावून मोकळे होतात. काढण्याआधी फोटो काढा, दोन डब्यांमधली ग्राउंडची पट्टी जशी होती तशीच ठेवा, कारण तिथून वायर दुसरीकडे जोडली तर नवेकोरे कॅपॅसिटर घालूनही गुणगुण येते. पहिल्यांदा लाइन देताना सिरीजमधे ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब लावा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर लगेच बंद करून दिशा आणि सोल्डर परत तपासा, स्पीकर अजून जोडू नका.