जुन्या बुलेटचे टायमिंग: अँमीटरचा काटा की स्ट्रोब लाइट?

सीबी पॉइंट (उघडताक्षणी ठिणगी पाडणारे संपर्क) असलेल्या जुन्या ३५० बुलेटचे टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याचा नेमका क्षण, दोन पद्धतींनी लावता येते. इंजिन बंद ठेवून अँमीटरच्या (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्यावर, किंवा इंजिन चालू ठेवून, प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या स्ट्रोब लाइटच्या उजेडात. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. आधी लावून घ्यावी, हे दोन्हीकडे सारखेच, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकते.

तत्त्वतः स्ट्रोबच श्रेष्ठ म्हणावा लागेल. वेग वाढताना डिस्ट्रिब्युटरमधील (पॉइंट ज्यात बसवलेले असतात त्या डबीतील) वजने फाकून ठिणगी किती पुढे जाते, हे तो प्रत्यक्ष दाखवतो; काट्याला कळते ते फक्त थांबलेल्या इंजिनाचे. पण स्ट्रोबच्या उजेडात वाचायला बुलेटवर अंशांची चकती बसवायची म्हणजे क्रँकच्या टोकापर्यंत पोहोचावे लागते, आणि त्यासाठी डावा फूटरेस्ट व ब्रेक पेडल काढून, ऑइल सांडून, प्रायमरी चेनचे कव्हर उतरवावे लागते. हे कव्हर मधल्या एकाच नटाने धरलेले असून कडेचे रबर एकदा हलले की पुन्हा पहिल्यासारखे बसेलच असे नाही. माझे बसले नाही. टायमिंग उत्तम लागले, पण पुढचे दोन महिने गाडी उभी केली की फरशीवर रुपयाएवढा काळा डाग पडत असे, आणि तो पुसताना स्ट्रोबविषयीचा माझा आदर बराच ओसरला.

काट्याच्या पद्धतीत कव्हरला हात लावावा लागत नाही. प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू फिरवावे आणि प्लगच्या भोकातून घातलेल्या स्पोकने मोजत, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर (दोन्ही व्हॉल्व बंद असताना वर येणारा) पिस्टन शिखराच्या ०.८ मि.मी. अलीकडे आणावा. चाक थोडे मागे नेऊन पुन्हा पुढे आणले, तर गिअरमधील ढिलाई निघून जाते. हेडलाइट बंद ठेवून चावी फिरवली की डिस्चार्जकडे झुकलेला काटा, पॉइंट उघडताक्षणी शून्यावर परततो. डिस्ट्रिब्युटर फिरवून नेमका तो क्षण पकडायचा. क्लँप आवळताना डिस्ट्रिब्युटर केसभर सरकतो, म्हणून आवळल्यावर काटा पुन्हा पाहावा. प्लगचे भोक तिरके असल्यामुळे आत घातलेला स्पोक अडकू शकतो, ही या पद्धतीची खरी अडचण. चाक सावकाश फिरवणे एवढाच मला माहीत असलेला उपाय.

वजनांविषयी शंका असल्यास कॅम (पॉइंट उघडणारा फिरता भाग) बोटांनी पिळून सोडावा. तो झटकन परत आला, तर स्प्रिंग बहुधा ठीक आहेत. तो रेंगाळत असेल किंवा किक उलटी मारत असेल, तर मात्र एकदा स्ट्रोब लावलेला बरा, असे मी मान्य करतो. माझ्या गाडीला ती वेळ आलेली नाही. काट्यावर लावलेल्या टायमिंगवर ती खंबाटकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये टकटक न करता चढते. माझा स्ट्रोब सध्या शेजाऱ्यांच्या जुन्या चारचाकीसाठी गेलेला आहे. तिच्या पुलीवरची टायमिंगची खूण बॉनेट उघडताच समोर दिसते.