कोलोनोस्कोपी, सीटी की नुसती शौचाची तपासणी, काय करून घ्यायचं?

डॉक्टरांनी आतड्याची तपासणी लिहून दिली की बहुतेकांना फक्त 'खालून दुर्बीण घालणार' एवढंच दिसतं आणि तिथेच गाडी अडते. म्हणून आधीच सांगते, शौचातून रक्त जातंय, वजन आपोआप उतरतंय, हिमोग्लोबिन सारखं कमी येतंय किंवा शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदललीये, तर बाकीचे पर्याय बघत बसू नका, कोलोनोस्कोपीबद्दलच, म्हणजे त्या दुर्बिणीच्या तपासणीबद्दलच, विचारा. आपल्याकडे रक्त दिसलं की मूळव्याधच असणार म्हणून लोक मलमावर महिनोन्महिने काढतात, बघून जीव तुटतो.

कोलोनोस्कोपीत अख्खं मोठं आतडं, म्हणजे साधारण दीड मीटर, आतून दिसतं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ, सापडला तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढतात, संशय आला तर तुकडा तपासायला पाठवतात, आणि हे बाकी फार कशात होत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, गुंगीचं इंजेक्शन देतात, अर्धा-पाऊण तासात आटपतं. आत गॅस भरतात त्यामुळे नंतर पोट फुगल्यासारखं वाटतं, वारा सरला की मोकळं होतं, लाजायचं काही कारण नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो पण तो हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घरचं कुणीतरी सोबत लागतंच.

खरा त्रास आदल्या दिवशीचा. पोट साफ करायची पावडर घातलेलं २ लिटरच्या आसपास पाणी प्यायचं, चव खारट-गुळमट, थंड करून थोडं थोडं घेतलं तर उतरतं. मग तासन् तास संडासच्या फेऱ्या, शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी येईपर्यंत. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा चालतो, पण कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पेरू, अंजीर, तीळ असलं बियांचं खाणं २-३ दिवस आधीच बंद. लोहाच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरची औषधं यांचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. पोट नीट साफ नसेल तर छोटे पॉलिप निसटतात आणि पुन्हा सगळं करायची वेळ येते, म्हणून यात कंटाळा नको.

सिग्मॉइडोस्कोपी हीही दुर्बिणीचीच तपासणी, पण त्यामानाने सोपी, बहुतेकदा एनिमावर भागतं, गुंगी लागतेच असं नाही, १०-१५ मिनिटांत होते. पण फक्त शेवटचा भाग दिसतो, वरच्या बाजूला काही असेल तर कळतच नाही.

सीटी कोलोनोग्राफीत दुर्बीण नाही म्हणून लोकांना बरं वाटतं, पण पोट त्यातही साफ करावं लागतं, शिवाय गुदद्वारात छोटी नळी घालून गॅस भरतात, आधी उताणं मग पालथं झोपवून स्कॅन करतात. गुंगी नाही, लगेच घरी. मात्र रेडिएशन आहे, ६ मिलिमीटरपेक्षा छोटे किंवा चपटे पॉलिप सुटू शकतात आणि काही दिसलंच तर शेवटी कोलोनोस्कोपी करावीच लागते. वयामुळे किंवा हृदयाच्या दुखण्यामुळे गुंगी झेपणार नाही अशांना मात्र हा पर्याय खरंच उपयोगाचा.

काहीच त्रास नाही, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही, नुसतं वयामुळे बघायचंय, तर फिट नावाची शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी तपासणी घ्या. घरीच नमुना, पथ्य नाही. ती दर वर्षी-दोन वर्षांनी करायची, आणि पॉझिटिव्ह आली तर पुढची कोलोनोस्कोपी टाळायची नाही.

कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची तपासणी मुख्यतः लहान आतड्यासाठी असते. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर ती अडकू शकते, त्यामुळे आधी पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.