हिलमन अ‍ॅव्हेंजर की सिम्का 1100? घ्यायच्या आधी हे वाचा

ब्रिटनमध्ये राहताय, सत्तरच्या दशकातली साधी फॅमिली कार घ्यायचीय, नुसती पुसून ठेवायला नाही तर रविवारी बायको-पोरांना घेऊन फिरायला, आणि या दोघींवर येऊन अडकलाय, तर माझं मत सांगतो. मला दोन्ही मनापासून आवडतात, त्यामुळे जरा लांबेल.

पहिलं म्हणजे या दोघी परक्या नाहीत. अ‍ॅव्हेंजर 1970 ची, कॉव्हेंट्रीजवळच्या रायटनची, म्हणजे हिलमनची मालक असलेल्या रूट्स ग्रुप या ब्रिटिश कार कंपनीच्या घरातली. सिम्का 1100 ही फ्रेंच सिम्का कंपनीची, आली 1967 ला, पॅरिसजवळच्या प्वासीची. अमेरिकेच्या क्रायस्लरने 1963 ला सिम्काचा ताबा घेतला, 1967 पर्यंत रूट्सचाही घेतला, आणि मग 1978 ला हे सगळं प्यूजोवाल्यांना विकलं, त्यांनी दोन्ही देशांतल्या गाड्यांवर नाव लावलं टॅल्बो. मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे ते नाव मुळातच अर्धं इंग्लिश अर्धं फ्रेंच आहे, 1903 मध्ये एका इंग्लिश उमरावाने फ्रेंच क्लेमां गाड्या लंडनमध्ये आणण्यासाठी ही कंपनी काढली, पुढे तेच नाव फ्रान्समधल्या एका कंपनीलाही लागलं, लंडनची टॅल्बो 1935 ला रूट्सकडे गेली आणि फ्रान्सची पन्नासच्या दशकाच्या शेवटी सिम्काकडे. म्हणजे क्रायस्लरने ताबा घ्यायच्या आधीच दोघींच्या माहेरी एकाच नावाचे दोन अर्धे तुकडे पडून होते!

आता गाड्या. अ‍ॅव्हेंजर एकदम सरळ बाई, इंजिन पुढे, गाडीच्या लांबीत उभं, ड्राइव्ह मागच्या चाकांना, मागे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल पण कॉइल स्प्रिंगवर, इंजिन सुरुवातीला 1250 किंवा 1500 सीसीचं, नंतर 1300 आणि 1600. बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं, घरच्या घरी स्पॅनर चालवणाऱ्याला हिच्यासारखी गाडी नाही. मागचे हॉकी स्टिकसारखे वळलेले दिवे लांबूनही ओळखू येतात. सेडान हवी तर आहे, मागे सामानाला लांब जागा असलेली इस्टेटही आहे.

सिम्का अगदी उलट. इंजिन आडवं, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, चारही चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलतं, आणि तेही टॉर्शन बारवर, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांवर, मागे वर उघडणारं दार आणि सीट पाडली की कपाट मावेल एवढी जागा. आज सगळ्या हॅचबॅक अशाच असतात पण ही 1967 ची आहे हो, फोक्सवॅगन गोल्फच्या सात वर्षं आधीची! खराब रस्त्यावर ही जशी मऊ चालते तशी अ‍ॅव्हेंजर नाही चालत. इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, वाजतात, तो तिचा स्वभावच आहे, त्याला घाबरू नका, व्हॉल्व्हची फट (क्लिअरन्स) वेळेवर सेट करत राहा. आपल्यासाठी एक गंमत, सिम्काची सुरुवात फियाटच्या गाड्या लायसन्सवर बनवण्यापासून झाली, म्हणजे आपल्या पद्मिनीशी लांबचं का होईना नातं लागतंच.

गंज दोघींनाही खातो, आणि सौदा तिथेच ठरवा, इंजिनावर नाही. अ‍ॅव्हेंजरला पुढच्या स्ट्रटचा, म्हणजे सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याचा, वरचा भाग आणि दाराखालचे सिल बघा, सिम्काला फ्लोअर आणि टॉर्शन बार जिथे बसतात तिथला पत्रा. सिम्का वीस लाखांवर बनल्या तरी धड राहिलेल्या फारच थोड्या, त्यामुळे चांगली दिसली तर जास्त घासाघीस करू नका. कागदाच्या बाबतीत दोघी सारख्याच, चाळीस वर्षांवरच्या म्हणून हिस्टॉरिक वर्गात रोड टॅक्स लागत नाही.

माझा कौल? स्वतः दुरुस्ती करणार असाल आणि जवळ जुना इंग्लिश मेकॅनिक असेल तर अ‍ॅव्हेंजर, डोकं शांत राहील. पण पोरं, डबे, घडीच्या खुर्च्या भरून लांब जायचं असेल, आणि पार्टसाठी फ्रान्समध्ये शोधाशोध करायची तयारी असेल, तर मी सिम्काच घेईन, मला तिच्यात जास्त जीव वाटतो.

आणि दोन्ही नाही जमल्या तर प्यूजो 309 बघा. ही खरं तर टॅल्बो अ‍ॅरिझोना म्हणून यायची होती, रूप कॉव्हेंट्रीत ठरलं, दारं प्यूजो 205 ची, सुरुवातीच्या छोट्या मॉडेलांत इंजिन सिम्काचंच, आणि 1985 पासून रायटनलाच बनली. दोन्ही घरांचं रक्त एकीतच. नव्वदच्या दशकात हीच गाडी प्रीमियरने आपल्या कल्याणला बनवली, फक्त तिच्यात सिम्काचं इंजिन नव्हतं, प्यूजोचं नवं होतं, तेव्हा कल्याणच्या गाडीची आठवण काढून ब्रिटनमधली घ्यायला जाल तर बॉनेट उघडून कुठलं इंजिन आहे ते आधी बघून घ्या.