टेकन, स्ट्रीट फायटर की मेली? हायलाइट आपोआप कापायच्या वाटा

मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये सामन्याची नोंद राहते त्या रिप्ले फाइलवरून हायलाइट, म्हणजे रंगतदार तुकडे, आपोआप कापून देणारं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, खेळता काय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडं उत्तर बहुतेक वेळा 'टेकन' असंच येतं. मग तिथंच थोडी निराशा करावी लागते. या विषयावर जे चांगलं तयार झालंय ते बरंचसं 'मेली' या जुन्या खेळासाठी झालंय. सॉफ्टवेअरची निवड नंतरची गोष्ट. तुमचा खेळ सामन्याची नोंद कुठं ठेवतो आणि ती तुमच्या हाताला लागते का, ते आधी बघायचं.

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवरचा २००१ चा खेळ. म्हातारा, पण या कामात सगळ्यांच्या पुढं. स्लिपी म्हणजे मेली संगणकावर खेळायचं आणि सामने नोंदवायचं सॉफ्टवेअर. ते वापरून खेळलात की प्रत्येक सामन्याची एक फाइल आपल्याच संगणकावर पडते. तिच्यात चित्र नसतंच. सेकंदाला ६० फ्रेम, आणि दर फ्रेमला कोण कुठं आहे, कुठली हालचाल चालू आहे, किती टक्के मार बसलाय, किती जीव उरलेत, एवढं लिहिलेलं असतं. म्हणून व्हिडिओ न बघता नुसती नोंद वाचूनही कॉम्बो, म्हणजे समोरच्याला सुटू न देता लागोपाठ मारलेले फटके, सापडतो. क्लिपी नावाचा मोफत प्रोग्राम अख्खं फोल्डर चाळतो. अमुक टक्क्यांच्या वरचेच कॉम्बो घे, शेवटी जीव गेलेलेच घे, अशा अटी त्याला घालता येतात. तो तुकड्यांची यादी करून देतो आणि डॉल्फिन एम्युलेटर, म्हणजे गेमक्यूबचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम, तेवढेच तुकडे एकामागून एक चालवतो. डॉल्फिन चित्र आणि आवाज वेगवेगळे लिहून ठेवतो, ते एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ साधनानं जोडायचे.

यात वेळ खातं ते शेवटचं काम. खेळ खरोखर चालवूनच चित्र तयार होत असल्यानं साधा लॅपटॉप घामाघूम होतो. रात्री लावून झोपावं हे बरं.

यंत्राला मार मोजता येतो, धाडस मोजता येत नाही. शेवटच्या जिवावर, दीडशे टक्के मार खाल्लेला खेळाडू एकाच फटक्यात सामना फिरवतो, तेव्हा पोरं खुर्च्या सोडून उठतात; पण अट 'लांब कॉम्बो' अशी असेल तर तो क्षण यादीत येणारच नाही. म्हणून अटी सैल ठेवा, यादी लांब होऊ द्या आणि शेवटची निवड डोळ्यांनी करा. पूर्ण आपोआप झालेली हायलाइट मला अजून तरी बघवत नाही.

दुसऱ्या जातीचे रिप्ले म्हणजे बुद्धिबळाच्या डावाची वही. कुणी कधी कुठलं बटण दाबलं एवढंच त्यात असतं आणि खेळ तो डाव पुन्हा मांडतो. फाइल चिमुकली होते, पण नियम बदलले की वही निरुपयोगी. 'स्ट्रीट फायटर ६' (२०२३) मध्ये नवा अपडेट आला की जुने रिप्ले चालत नाहीत, ते यामुळंच. शिवाय ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात. त्यामुळं आवडलेला सामना त्याच आठवड्यात लावून रेकॉर्ड करून घ्यायचा, 'बघू की नंतर' चालत नाही. फाइटकेड या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर जुने आर्केड खेळ खेळणाऱ्यांना ही अडचण कमी, कारण ते खेळ आता बदलत नाहीत. तिथं लुआ या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहून एम्युलेटरच्या मेमरीतून ताकदीची पट्टी वाचता येते. मात्र त्याला धीर लागतो आणि थोडं प्रोग्रामिंगही.

'टेकन ८' (२०२४) चा रिप्ले सरावाला झकास आहे, मधेच थांबवून स्वतः खेळायला घेता येतं. कापाकापीला मात्र रेकॉर्डिंगच धरावं लागतं. पीएस५ (प्लेस्टेशन ५ कन्सोल) मागचा ६० मिनिटांपर्यंतचा खेळ आपोआप धरून ठेवतो, संगणकावर ओबीएस या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा रिप्ले बफर बटण दाबलं की मागचे ठरावीक सेकंद जपून ठेवतो. शेजारी बसलेल्या एकानं फक्त ते बटण सांभाळायचं. लहान स्पर्धेला यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं माझं मत आहे.

ज्यांना तेही यंत्रावर सोडायचंय त्यांनी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि चित्र वाचणारी तिची ओपनसीव्ही लायब्ररी घ्यावी. ताकदीची पट्टी पडद्यावर ठरलेल्या जागी असते. तिचा रंग किती उरलाय ते मोजलं की एकदम घसरलेली जागा सापडते. बघणाऱ्यांचा ओरडा मोजून क्षण शोधायची युक्तीही आहे, पण गणपतीच्या दिवसांत नको. खिडकीबाहेर ढोल-ताशा असला की यंत्राला सगळी संध्याकाळच हायलाइट वाटते.

जागेचा हिशेब सोपा आहे. ६,००० केबीपीएसनं (सेकंदाला ६,००० किलोबिट) रेकॉर्ड केलं तर मिनिटाला ४५ एमबी जातात. स्लिपीची अख्ख्या सामन्याची फाइल काही एमबींचीच. आणि आपल्याकडं पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ओबीएसमध्ये साध्या एमपी४ ऐवजी एमकेव्ही हा फाइलचा प्रकार निवडा. रेकॉर्डिंग मधेच तुटलं तरी तोवरचं हाती राहतं आणि नंतर ओबीएसमध्येच त्याचं एमपी४ करता येतं.

तेव्हा मेलीवाल्यांनी डोळे झाकून स्लिपी आणि क्लिपी घ्यावं. टेकनवाल्यांनी बटण दाबणारा एक शहाणा मित्र शोधावा, महिन्याला ढीगभर सामने होत असतील तरच ओपनसीव्हीच्या नादी लागावं. स्ट्रीट फायटरवाल्यांनी अपडेटच्या तारखेवर डोळा ठेवावा. रील करताना आडवं चित्र उभं कापू नका, एक खेळाडू किंवा ताकदीची पट्टी हमखास बाहेर जाते. चित्र मधे तसंच आडवं ठेवून वर दोघांची नावं आणि खाली गुण टाका. मराठी-कन्नड-इंग्रजी मिसळलेल्या कॉमेंटरीवर आपोआप कॅप्शन लावायच्या भानगडीत तर पडूच नका.